पुढचं टोक नसलेली होडी

काशीराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होतो. त्याची मुलगी सुजाता बोलत होती. "काका, बाबा पहाटे गेले... झोपेतच," एवढंच म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. मी आपला "बरं, बरं" म्हणत राहिलो. या वयात असे फोन येतात आणि आपण त्यांना सरावलोय असं वाटत असतं. फोन ठेवल्यावर कळलं की चष्मा डोळ्यांवरच होता, तरी समोरचं घड्याळ मला दिसत नव्हतं. त्या गोष्टीला आता दीड महिना झाला. वरळीच्या बीडीडी चाळीत त्या दिवशी इतकी माणसं जमली होती की मी जिन्याशीच उभा राहिलो. जो तो त्याच्याबद्दल बोलत होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठ्या खाल्लेला, धम्माचं काम करणारा, चाळीतल्या पोरींना शाळेत घालणारा... सगळं खरं आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर येत होता तो होडी बांधणारा काशीराम. त्या होडीच्या बाबतीत मला एक कबुली द्यायची आहे. खरं तर ती त्याच्यासमोर द्यायला हवी होती. पन्नासहून अधिक वर्षांत ते माझ्याच्यानं झालं नाही.

आम्ही दोघं परळच्या एका कापड गिरणीत होतो. तो सुतारखात्यात, मी स्टोअरमध्ये कारकून. मी गिरगावातून ट्रामनं येणारा, धोतर सोडून नुकता पँटीत शिरलेला, संध्याकाळच्या वर्गात ड्रॉइंग शिकलेला आणि त्याचा भारी अभिमान असलेला. आमची ओळख भांडणातून झाली. मी त्याला वाकडे खिळे दिले म्हणून तो ते सगळे माझ्या टेबलावर ओतून म्हणाला, "हे तूच ठोकून दाखव." मी हट्टानं एक ठोकायला गेलो आणि अंगठा ठेचून घेतला. त्यानं हसत हसत आपला रुमाल फाडून बांधला. त्या दिवसापासून दुपारचा चहा आम्ही एकत्र घ्यायचो, गिरणीसमोरच्या इराण्याकडे. तिथं कुणी कुणाला कुठं बसायचं ते सांगत नसे.

त्याचं गाव कोकणात, खाडीला मिळणाऱ्या एका नदीच्या काठी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाजार, डॉक्टर, मोटारचा रस्ता, सगळं नदीच्या पलीकडे. माणसांची ने-आण करणारी एक होडी गावात होती. त्या होडीत याच्या वाडीतल्या माणसांनी सगळे बसून झाल्यावर चढायचं आणि शेपटाकडे, पाणी साचतं तिथं, उकिडवं बसायचं. पिढ्यानपिढ्या तसंच चाललेलं. मग वाडीनं दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढायची आणि गावकीची बाकी कामं सोडून दिली, आणि होडीवाल्यानं त्यांना घ्यायचंच बंद केलं. उन्हाळ्यात वरच्या अंगाला उतार होता, तिथून कमरेएवढ्या पाण्यातून जाता यायचं. पावसाळ्यात तोही बंद. काशीरामची आई तिथंच राहत होती, दम्याची आजारी, आणि मुंबईला यायला काही केल्या तयार नव्हती. "आये म्हनते, सगळे निघाले तर मग सोडलं कशाला? हितंच ऱ्हाऊन दाखवायचं," काशीराम मला सांगत होता. चहा निवून गेला होता. "पावसाच्या आधी होडी पायजे, दत्ता. वाडीची सोताची. तू कागदावर काढून दे, मी बांधतो."

त्यासाठी एका रविवारी तो गिरगावात आमच्या घरी आला. आमच्या दोन खोल्या, बाहेर लांबलचक गॅलरी. मी टेबलावर कागद पसरून बसलो होतो. आईनं दारातच त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि आतलं एक स्टूल उचलून गॅलरीच्या पार टोकाला, मोरीजवळ नेऊन ठेवलं. "इथं वारा छान येतो हो," म्हणाली. आवाजात अगदी साखर. मी काय केलं? मी टेबलावरचा कागद गुंडाळला आणि त्याच्यामागोमाग गॅलरीत गेलो. जमिनीवर मांडी घालून त्याच्या पायाशी कागद पसरला आणि मनात म्हटलं, बघा, मी तर खालीच बसलोय. केवढं समाधान वाटलं होतं मला त्या वेळी! आता आठवलं की स्वतःची शरम वाटते. काशीराम चहा प्याला, कप मोरीत नेऊन स्वतः विसळला आणि पालथा घातला.

मी काढलेली होडी, वरून दिसते तशी, फार सुरेख होती. एक टोक निमुळतं, दुसरं चौकोनी, त्याला सुकाणू. बोटीच्या चित्रावरूनच उतरवली होती म्हणा ना. टोकांशी मी माझ्या वळणदार अक्षरात 'पुढे' आणि 'मागे' असं लिहिलं होतं, खाली झोकदार सही. त्यानं बराच वेळ कागद पाहिला आणि म्हणाला, "दोन्ही टोकं सारकी कर."

"अरे, असं कसं? होडीला पुढं-मागं असतंच."

"आपल्या नको."

मी वाद घातला. कुठंही वाद घालायचा हा माझा स्वभाव. मी म्हटलं, पाणी कापायला टोक लागतं. तो म्हणाला, दोन्हीकडं काढ टोक. मी म्हटलं, सुकाणू कुठं लावणार? तो म्हणाला, अरुंद नदी, वल्ह्यानं वळवता येते. आणि मधल्या फळीच्या दोन्ही अंगांना वल्ही अडकवायच्या खुंट्या ठेवल्या तर वळवायचीही गरज नाही, वल्हवणारा नुसता फिरून बसेल. हे त्याचं म्हणणं इतकं बिनतोड होतं की मी ते सुताराचं डोकं म्हणून मान्य केलं आणि सुकाणू खोडून चौकोनी टोकही निमुळतं केलं. खिशातलं पातं काढून त्यानं कागदावरचे माझे ते दोन शब्द अलगद खरवडले. त्यामागे दुसरं काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

होडी वरळीला, दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली. गिरणीत नवी यंत्रं आली होती. त्यांच्या खोक्यांच्या जाड फळ्या त्यानं रीतसर मागून घेतल्या. फासळ्यांना बाभळीचं लाकूड. फटी बुजवायला सुतारखात्यातला टाकाऊ कापूस, तेल-राळेत भिजवलेला. ते वरळीच्या कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्यानं शिकवलं. दिवस चळवळीचे होते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा कर्फ्यू. काशीराम सगळ्या मोर्च्यांना पुढे असायचा आणि परत आला की रंधा हातात घ्यायचा. एकदा रस्ता अडवायला लाकूड पाहिजे म्हणून पाच-सहा जण आले आणि त्यांनी फळ्यांना हात घातला. त्यातले दोघं तर त्याच्याच बरोबर लाठी खाल्लेले. काशीराम होडीच्या सांगाड्यात जाऊन बसला. "माज्या घराचं दार काढून न्या," म्हणाला, "खाट न्या. ही नाय. मुंबईसकट महाराष्ट्र पायजेच, मला बी पायजे. पन त्यात माज्या आयेला नदी वलांडायचीय." त्यांनी खरंच त्याची खाट नेली. तो पुढचे सहा महिने जमिनीवर झोपला आणि त्याबद्दल कधी कुरकुरला नाही.

माझी कुरकुर मात्र चालू होती, आणि चूक नेमकी माझीच निघाली. कोळीवाड्याच्या कडेला भरतीच्या पाण्यात आम्ही होडी उतरवली, चाळीतले सहा जण बसले आणि दहा हात जायच्या आत ती कलंडली. गुडघाभर पाणी होतं म्हणून बरं. मी वजनाचा हिशेब केला होता तो स्टोअरमधल्या मालासारखा. माल तळाशी राहतो, माणसं फळीवर उंच बसतात, आणि बसल्यावर हलतात, वळतात, हात दाखवतात. हे माझ्या कारकुनी डोक्यात आलंच नव्हतं. होडी फार अरुंद झाली होती. मी पाण्यात उभा राहून रडायच्या बेतात होतो. मृगाला तीन आठवडे उरले होते. ओला काशीराम माझ्याकडं बघून हसत सुटला. "अरे दत्ता, मानसं बसवायचीत, गाठोडी नाय." मग त्यानं बाजू उसवल्या, फासळ्या बदलल्या, होडी वीतभर रुंद केली. पंधरा दिवस त्यात गेले. गिरणीतून सुटला की तडक तिथं. मीही जायचो, राळ ढवळायचो, एवढंच मला जमत होतं.

त्याच्या ओळखीतला एक लॉरीवाला महाडच्या बाजूला जाणारा होता. होडी पालथी करून लॉरीवर बांधली आणि आम्ही दोघं तिच्याखाली बसून गावाला गेलो. लॉरी पलीकडच्या रस्त्यावरच थांबली; वाडीतल्या सगळ्यांनी मिळून होडी खांद्यावर घेतली आणि वरच्या उतारातून वाडीच्या काठाला आणली. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. पलीकडच्या काठावर गावचा होडीवाला डोळ्यांवर हात धरून बघत उभा होता. काशीरामनं आईला हाक मारली, "आये, चल, पयली तू."

ती आली आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली. बारीकशी, पदर खोचलेली, दम लागलेली. ती चढेना. आम्ही सगळे बसायची वाट बघत होती ती... जन्मभराची सवय. आणि मी? मी मुंबईचा पाहुणा, ज्यानं होडी कागदावर काढली तो. मी सरळ चढलो आणि पलीकडच्या काठाकडं तोंड असलेल्या टोकाला जाऊन ऐसपैस बसलो. मग ती चढली आणि दुसऱ्या टोकाला उकिडवी बसली. मधल्या फळीवर काशीराम, माझ्याकडं पाठ करून.

निम्म्या पात्रात गेल्यावर त्यानं वल्ही उचलली. फळीवरच उलटा फिरला, माझ्याकडं तोंड करून बसला, वल्ही दुसऱ्या खुंट्यांना अडकवली आणि होडी आलो त्या काठाकडं न्यायला लागला. "अरे, कुठं चाललास?" मी ओरडलो. तो म्हणाला, "आयेला पुढं बसून बगू दे." काठावर अख्खी वाडी उभी होती आणि त्यांच्याकडे होडी चालली होती. टोकाशी त्याची आई. ती आधी दोन्ही हातांनी कड घट्ट धरून होती. मग तिनं एक हात सोडला, पाय खाली सोडून नीट बसली आणि पदर डोक्यावर घेतला. मी शेपटाला. वल्ह्याचं पाणी माझ्या पँटीवर उडत होतं. काशीराम वल्हवता वल्हवता माझ्याकडं बघत होता. आवाज अगदी मऊ करून म्हणाला, "काय दत्ता? वारा छान येतो ना हितं?"

मला ते स्टूल आठवलं. मोरीजवळचं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. त्याची आई पुढून विचारत होती, "काय म्हनतो रं पावना?" आणि तो म्हणाला, "काय नाय आये, त्याला आवाडली होडी."

मुंबईला परत आल्यावर मी आईशी कडाक्याचं भांडलो आणि स्टूल आत, टेबलाला लावून ठेवलं. दिवाळीत काशीराम आला. मी त्याला हाताला धरून आत नेलं. तो बसला, आईनं हातात दिलेला चहा प्याला, फराळ केला. निघताना आईला नमस्कार केला. मी त्याला 'माझं चुकलं' असं तेव्हा म्हणायला हवं होतं. कोपऱ्यावर पोचवायला गेलो, तोंडाशी आलं होतं... आणि मी राळेचा विषय काढला. पुढं महाराष्ट्र झाला. रोषणाई बघत आम्ही रात्रभर हिंडलो, तेव्हाही नाही. लग्नं झाली, पोरं झाली, गिरणी बंद पडली. तो दर महिन्याला येत राहिला, मी जात राहिलो, वाद घालत राहिलो. त्या शब्दांची वाट बघणं त्यानं कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही. बहुधा तो वाट बघतही नसावा. वाट मीच बघत होतो, माझ्याच तोंडाची. होडी वीस वर्षं चालली. पुढं पुढं गावची माणसंही तिच्यात बसायला लागली, जिथं जागा असेल तिथं. मग पूल झाला आणि होडी मोडली.

परवा मी वरळीला गेलो. आता खोलीत गर्दी नव्हती. सुजातानं मला बाकावर बसवलं. होडीची मधली फळी काशीरामनं मुंबईला आणली होती, तिचाच तो बाक. खुंट्यांची भोकं अजून आहेत त्यात. समोरच्या भिंतीवर माझा तो कागद, काचेत बसवलेला, पिवळा पडलेला. मी जवळ जाऊन पाहिला. होडी तशीच दिसत होती, पण माझी सही वरच्या कोपऱ्यात गेली होती, उलटी. चौकट उलटी टांगली होती.

सुजाता ओशाळली. "रंग काढताना उतरवली होती काका. कशी लावायची ते आम्हाला कधी कळतच नाही. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, कशीबी लाव. थांबा हं, सरळ करते." तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि चौकटीला हात घातला.

"राहू दे," मी म्हटलं. "अशीच राहू दे." आणि मग, ती स्टुलावरून खाली उतरत असताना, मी त्या कागदाकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "काशीराम, माझं चुकलं रे."

सुजाता चहा टाकायला आत गेली. मी बाकावर, दाराकडच्या टोकाला, बसून राहिलो.