नाडीवाल्या बाया आणि त्यांची सवत

कारखान्यात मालापेक्षा किस्सेच जास्त निघतात. माल विकला जातो, गोदाम रिकामं होतं. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही, ते आपले साचत राहतात. आमच्या मंडळींत गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, तुझ्या त्या पिशव्यांच्या शेडमधलं एखादं सोड की!" सोडतो. तुम्ही हसा खुशाल. मीही पूर्वी हसायचो.

तर शेड होती लोणावळ्यात, वलवणच्या अंगाला. सत्तर सालाच्या पुढची दोन-चार वर्षं धरा. चिक्कीची दुकानं तेव्हा जोरात होती आणि आमच्या शेठनं नेमकं हेरलं, की गिऱ्हाइकाला चिक्की कागदात नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवी, आणि पिशवीच्या तोंडाला नाडी हवी. ओढली की बंद! प्लॅस्टिकची तेव्हा नवलाई होती. लोक पिशवी धुऊन, दोरीवर वाळत घालून परत वापरायचे.

मी तिथं फिटर. काम असं, की प्लॅस्टिकचं भेंडोळं यायचं, पायानं दाबायच्या मशीनवर गरम पट्टीखाली त्याच्या कडा चिकटवायच्या, वरची कड दुमडून परकराला असतो तसा नेफा करायचा, आणि त्या नेफ्यात नाडी ओवायची. ओवणं सगळं हातानं. त्याला ठाकरवाडीच्या आठ-नऊ बाया. अवजार काय, तर मोडक्या छत्रीची काडी! टोकाला आयतं भोक असतं ना, त्यात नाडी अडकवायची आणि सर्रकन नेफ्यातून बाहेर काढायची. लोणावळ्यात मोडक्या छत्र्यांना काय तोटा!

या बायांत वयानं मोठी चंद्रामावशी. मी एकदा तिला विचारलं, "मावशी, दिवसभर मान मोडून बसता, कंटाळा नाही येत?"

ती म्हणाली, "कट्टाळा कसला, भाऊ? भातं निघाली की आमी वीटभट्टीवर जायाचो. पार खाली, लेकरंबाळं घिऊन. माजी धाकली तितंच गेली, तापानं. हितं काम हाय म्हून भट्टी चुकलीया. हातात ही काडी हाय तवर भट्टी न्हाई!"

एवढं लक्षात ठेवा. बाकी सगळं गमतीचं आहे.

* * *

शेठ राहायला मुंबईत. पंधरा-वीस दिवसांनी फियाटमधून यायचा. माणूस शिवीगाळ करणारा नव्हता हो, उगाच कशाला खोटं बोलू! फक्त त्याला बायांची तोंडं दिसत नसत. हात दिसायचे. "ए बाई, हात चालव!" एवढीच त्याची ओळख. वर्षभरात त्यानं एकीचंही नाव विचारलं नाही.

या शेठनं शेडवर एक भली मोठी पाटी लावली. "आधुनिक यंत्रावर, हाताचा स्पर्श न होता तयार केलेल्या पिशव्या." मशीनचा पत्ता नव्हता तेव्हा, पण पाटी आधी! त्यामुळे कुणी मोठी पार्टी माल बघायला आली की बायांना नाड्यांच्या गुंड्यांसकट मागच्या पडवीत पिटाळायचे. पार्टी गेली की परत आत.

एकदा मुंबईहून एक पारशी गृहस्थ आले. माल बघितला, खूश झाले, आणि त्यांना लागली लघवी. कुणाला काही सुचायच्या आत ते सरळ मागच्या पडवीत! बघतात तर आठ-नऊ बाया मांडीवर पिशव्यांचे ढीग घेऊन छत्रीच्या काड्या चालवतायत.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

शेठ म्हणाला, "या होय? या लोणावळा बघायला आल्यात! ट्रिप!"

चंद्रामावशी मान वर न करता म्हणाली, "व्हय सायेब, ट्रिपच हाय. येताना जरा काम घिऊन आलोय."

पारशीबाबा पोट धरधरून हसले. ऑर्डर दिली! आणि त्याच दिवशी जाताना शेठ मला म्हणाला, "मशीन आणायलाच पाहिजे. या बाया मला तोंडघशी पाडणार." ऑर्डर बायांनी मिळवून दिली आणि त्यांच्या नोकरीवर गदा आली ती त्याच दिवशी.

* * *

मशीन बनवायला देवधर नावाचे इंजिनीयर आले. सज्जन माणूस. चष्मा पुसत पुसत बोलायचे. ते आठवडाभर चंद्रामावशीसमोर पाट टाकून बसले आणि तिचे हात बघत राहिले. "जरा हळू ओवा, मावशी. परत एकदा. आता काडी कुठं धरली?"

मावशीनं सगळं दाखवलं. ओल्या हवेत प्लॅस्टिकचे पदर एकमेकांना चिकटतात, मग तोंडानं फुंकर कशी मारायची. नेफ्याच्या कोपऱ्यात काडी अडते, तिथं अंगठ्यानं वाट कशी द्यायची. काहीही हातचं राखलं नाही. बाकीच्या बाया चिडल्या. त्यांतली हिराबाई, तरणीताठी, पोटात पोर, तडतडली, "मावशे, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतीस व्हय गं?"

मावशी म्हणाली, "अगं, ते बिचारं रोज म्होरं बसतंय. इचारतंय तर न्हाई कसं म्हनू?"

आठव्या दिवशी देवधर टुणकन उठले. "नाडी ओवायचीच नाही! आधी नाडी ठेवायची, मग तिच्यावर प्लॅस्टिक दुमडायचं आणि खालून सील मारायचं! नेफा आणि नाडी एकदमच!"

मावशी तोंडाला पदर लावून खदखदा हसली. "अगं बया! म्हंजी आदी नाडी, आन् मग परकर!"

सगळ्या बाया लोळल्या हसून. देवधरही हसले. मग मावशीनं हातातल्या काडीकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "भाऊ, म्हंजी हिचं आता कायच काम न्हाई?"

मी म्हटलं, "नाही."

"डोस्कं हाय बाकी सायबाला," ती म्हणाली आणि पुढची पिशवी उचलली. मला तिचा राग आला. खरंच सांगतो, एवढा राग शेठचाही आला नव्हता.

* * *

मशीन आलं. हिरवा रंग, शेडच्या निम्म्या लांबीचं. शेठनं पेढे वाटले. "याला पगार नाही, रजा नाही, बाळंतपण नाही!" बाळंतपण म्हणताना हिराबाईच्या पोटाकडे बघून हसला. तिथं बरं नजर गेली!

पहिला माल निघाला झकास. पिशव्या चकचकीत, नेफा सरळ, नाडी आत. मी एक पिशवी घेऊन नाडी ओढली. हलेना! जोर लावला तर नेफाच फाटून हातात. सील मारणारी गरम पट्टी केसभर वर बसली होती. प्लॅस्टिकसोबत नाडीही चिकटत होती. सगळा माल तसाच.

मला वाटलं, शेठ आता देवधरांची गचांडी धरणार. शेठनं पिशवी उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "वर 'सील्ड' छापा."

"पण शेठ, ही उघडत नाही!"

"म्हणून तर सील्ड!"

आणि तो माल खपला हो! लोक दातांनी पिशव्या फाडायचे आणि म्हणायचे, काय पॅक माल आहे!

* * *

मी पट्टी खाली घेतली, मशीन सुरळीत चाललं, तर लाईट जायला लागली. आता आमच्या शेडमागे धरण, धरणाच्या पाण्यावर वीज, आणि त्या विजेच्या तारा आमच्या डोक्यावरून मुंबईला. खाली आम्ही कंदील लावून बसलेलो! बरं, लाईट गेली की गरम पट्टी प्लॅस्टिकवर तशीच बसायची. धूर, घाण वास, आणि मी आपला पटाशीनं खरवडतोय.

तेवढ्या वेळात बाया काड्या काढून मुकाट्यानं ओवायला बसायच्या. हिराबाई मोठ्यानं म्हणायची, "पगार न्हाई, रजा न्हाई, बाळंतपन न्हाई, आन् लाईट न्हाई तर कामबी न्हाई!"

त्या दिवसांत बायांना आशा वाटायला लागली होती. लाईट गेली की त्यांची तोंडं उजळायची. अख्ख्या मावळात अंधार पडला म्हणून खूश होणाऱ्या तेवढ्याच!

मग शेठनं जनरेटर आणला.

* * *

खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा. मी माझे पाने, पक्कड मांडली. बायांनी छत्रीच्या काड्या धुऊन, पुसून केळीच्या पानावर ठेवल्या. शेठ आला, म्हणाला, "हे भंगार उचला. पूजा मशीनची! बायांच्या हातानं होऊ दे, शुभ असतं."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. त्या मशीनला आपसांत 'सवत' म्हणायच्या. चंद्रामावशी उठली. मशीनला हळद-कुंकू लावलं. ओवाळलं. मग खणात नारळ, तांदूळ घेऊन तिनं मशीनची रीतसर ओटी भरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ये बाई. घर तुजं. आमची लेकरं तेवडी उपाशी ठिवू नगंस."

देवधर चष्मा पुसत बाहेर निघून गेले. शेठनं टाळी वाजवली. "वा! काय बोलली!" त्याला ते मशीनचं कौतुक वाटलं.

प्रसाद वाटून झाल्यावर त्यानं सांगितलं, "दसरा झाला की एकच बाई लागेल. मशीनच्या तोंडाशी बसून पिशव्या गोळा करायला. कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा." सणाच्या दिवशी सांगितलं, नारळाचा तुकडा अजून तोंडात असताना!

त्याला वाटलं, आता झिंज्या उपटतील. बाया पाच मिनिटं पडवीत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चंद्रामावशी."

बाकीच्यांचे हजेरीचे पितळी बिल्ले काढून घेतले. मावशीचा तिच्या पदराला राहिला.

* * *

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पदराला चंद्रामावशीचा बिल्ला लावून हिराबाई हजर! मी म्हटलं, "अगं, तू कशी?"

"म्या चंद्रा हाय," ती म्हणाली आणि मशीनपाशी बसली.

पुढच्या दिवशी तिसरीच चंद्रा. मग चौथी. बिल्ला ज्या बाईच्या पदराला, ती त्या दिवशी चंद्रा! रोज आळीपाळीनं. जिच्या घरात चूल पेटायची पंचाईत, तिचा दिवस आधी. गेटवरचा म्हातारा रखवालदार वलवणचाच. तो रोज निराळ्या बाईला रामराम करायचा आणि म्हणायचा, "ये चंद्रे!" शेठ पंधरवड्यानं यायचा. डोक्यावर पदर, पदराला बिल्ला, हात चालतायत. त्याला एवढं पुरे होतं. "चंद्रा, हात चालव!" म्हणून पुढं जायचा.

आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. पण एका बाईच्या कामावर सगळी वाडी कशी जगणार? हिराबाई बाळंतीण झाली, तेव्हा चंद्रामावशीनं आपले दिवस तिला देऊन टाकले. दिवाळी झाली आणि मावशी गठुडं बांधून निघाली. मला स्टेशनच्या रस्त्याला भेटली. मी विचारलं, "कुठं, मावशी?"

"कुटं म्हंजी? भट्टीवर."

"अहो, पण काम तर तुमच्या नावावर आहे!"

"नाव ऱ्हाऊ द्या की तितं," ती म्हणाली. "हिराच्या पदरात तान्ही हाय. ती कशाला जाईल भट्टीवर?"

शिमग्याच्या आसपास वाडीत निरोप आला. मावशी भट्टीवरच गेली. चार दिवस ताप होता म्हणे. लेकीसारखाच.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मशीन चालू होतं. हिराबाई बिल्ला लावून पिशव्या गोळा करत होती. डोळे सुजलेले. रखवालदारानं त्या दिवशी तिला हाक मारली नाही, नुसतं दार उघडलं. मला सांगा, काय करायला हवं होतं? मावशी गेली म्हणून कळवलं असतं तर शेठनं दुसरी एक बाई कुठूनही उचलली असती, आणि पुढच्या हंगामाला सगळ्या वाडीनं भट्टी गाठली असती. आम्ही कळवलं नाही.

* * *

पुढची खंडेनवमी. शेठ खुशीत. धंदा तेजीत होता, पार्ट्या आल्या होत्या, ते पारशीबाबाही होते. पूजा झाल्यावर शेठ उभा राहिला आणि म्हणाला, "आज मला एका कामगाराचा सत्कार करायचाय. वर्षभर एक खाडा नाही! पाऊस असो, सण असो, दुखणं असो, बाई हजर! चंद्राबाई, पुढं या!"

त्या दिवशी बिल्ला हिराबाईच्या पदराला होता. ती उठली.  शेठनं तिच्या हातात नारळ आणि हिरवीगार साडी दिली. हिराबाई साडीकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "चंद्रामावशीला हिरवा रंग लय आवडायचा, शेठ."

  रखवालदार दाराशी मान खाली घालून उभा.

शेठ गडगडाटी हसला. "बघा, बघा! लाजली! स्वतःलाच मावशी म्हणतीये!" त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शंभर वर्षं जग, चंद्रा!"

"व्हय, शेठ," हिराबाई म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.