टाकीत ठेवलेली मेंढरं

स्पर्धेच्या आठवड्यात मी माझी पत्त्यांची गड्डी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत लपवून ठेवली.

टाकी कोरडी होती, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. ती दुष्काळाची वर्षं. शहर जालना रोडनं चिकलठाण्याच्या पुढं नुसतं पसरत होतं. इमारती आधी यायच्या, नळ मागून यायचे, आणि नळाला पाणी कधी येणार हे विचारणाऱ्याला लोक हसायचे. आमच्या गच्चीवर बिल्डरनं दोन काळ्या टाक्या बसवून दिल्या होत्या. एकीत टँकरचं पाणी पडायचं. दुसरीत आम्ही राहायला आल्यापासून थेंब पडला नव्हता. तिच्या झाकणावर बायका कुरडया वाळत घालायच्या. तिजोरी म्हणून यापेक्षा चांगली जागा कुठली, असं मला वाटलं.

लपवायचं कारण आई. गावाकडची विहीर आटल्यामुळं ती आमच्याकडं आली होती, आणि तिच्या राज्यात कागदाचा कुठलाही तुकडा बिनकामाचा राहत नसे. माझ्या एका पत्त्यानं तिनं तवा खरवडला होता. दुसऱ्याची घडी घालून डुगडुगत्या पलंगाच्या पायाखाली सारली होती.

हे पत्ते रमी-तीनपत्तीचे नव्हेत. त्यांच्यावर राक्षस, जादूगार, ड्रॅगन असे सगळे परदेशी पाहुणे छापलेले. प्रत्येकानं आपापली साठ पत्त्यांची गड्डी घरून जुळवून आणायची आणि समोरच्याच्या गड्डीशी झुंजवायची. जोरदार पत्ता दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून महाग. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एका चाचांचं खेळण्यांचं दुकान होतं, त्यांच्या माडीवर रविवारी हा खेळ रंगायचा. तिथं येणारी बाकी बहुतेक कॉलेजची पोरं, आणि मी कारखान्यात हिशेब लिहिणारा, चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला गडी. मला सगळे ‘अंकल’ म्हणायचे आणि खेळायला बसले की पुतण्यासारखं हरवायचे.

सुरुवातीला मीही चकचकीत ड्रॅगनच जमवले. ड्रॅगन महाग आणि त्याला पोसायलाही बरेच पत्ते खर्ची पडतात, त्यामुळं माझा ड्रॅगन उठून उभा राहीपर्यंत मी हरलेलो असायचो. मग माझी नजर चाचांच्या बुटांच्या खोक्याकडं गेली. पाकिटं फोडल्यावर पोरं नको असलेले पत्ते त्यात टाकून जायची. त्यात मेंढरं होती. दुबळी, कुणी फुकटसुद्धा न नेणारी, पण एकाची दोन होणारी आणि दोनाची चार. आमच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या मेंढरं राखलेली. रक्त आपलं काम करतं, म्हणतात. मी खोकं मांडीवर घेऊन कळप निवडायला लागलो.

चाचा वरून बघत होते. ‘क्या मियाँ, ये मेंढे लेको ड्रॅगन से लडते?’

‘लढतो म्हणजे काय, पाडून दाखवतो,’ मी म्हणालो. तेही सगळ्या माडीसमोर. बोलून बसलो आणि अडकलो.

कळपाला राखणारा एकच पत्ता लागत होता, शिंग फुंकणारा मेंढपाळ. तो मैदानात आला की प्रत्येक मेंढरू लांडग्याला भारी. तो मात्र महाग. कितीचा ते सांगत नाही, कारण बायको हे वाचणार आहे. माझे सगळेच्या सगळे ड्रॅगन चाचांना देऊन मी तो एक मेंढपाळ घेतला. परतीचे दोर असे कापले. रविवारी स्पर्धा होती, आणि स्वस्तातली गड्डी चालते का नाही हे तिथंच कळणार होतं. चालली नाही, तर मी पुन्हा ती माडी चढणार नव्हतो.

शनिवारी दुपारी कारखान्यात बायकोचा फोन आला. आवाजात दिवाळी.

‘अहो, टँकर आला! कुठल्यातरी लग्नाचं पाणी उरलंय म्हणे. पहिली टाकी भरली, आता दुसरी पण—’

‘दुसरी?’

‘दुसरी हो! आई तर मघापासनं—’

पुढं ती काय सांगत होती ते ऐकायला मी थांबलो नाही. साहेबांना ‘घरी पाणी आलंय’ एवढंच म्हणालो. त्या वर्षी रजेसाठी एवढं कारण पुरायचं, घरी कुणी वारल्यासारखे साहेब गंभीर व्हायचे. स्कूटर काढली आणि उकरून ठेवलेल्या रस्त्यानं जेवढे खड्डे होते तेवढ्या सगळ्यांतून घरी पोचलो.

गच्चीवर सोहळा चालला होता. निम्मी इमारत जमलेली. टँकरचा जाड पाइप दुसऱ्या टाकीच्या तोंडात, आणि लोक त्या आवाजाकडं गाणं ऐकावं तसे कान देऊन उभे. मी आत डोकावलो. काळी टाकी, काळं पाणी. गड्डी ठेवलेला माझा पोह्यांचा पत्र्याचा डबा तरंगताना दिसेना. म्हणजे बुडाला.

‘बंद करा!’ मी ओरडलो.

दुष्काळात टँकर बंद करा म्हणणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. सोसायटीचे अध्यक्ष तरातरा माझ्याकडं निघाले. तेवढ्यात मी बूट काढले, पाय आत सोडले आणि उतरलो. मोजे राहिलेच. पाणी मांडीपर्यंत आलं.

‘अहो साहेब!’ अध्यक्षांचा आवाज फाटला. ‘पिण्याचं पाणी आहे ते!’

कुणीतरी पाइप ओढून घेतला. कुणीतरी म्हणालं, ‘उष्णतेनं होतं असं.’ मी वाकून हातांनी तळ चाचपत होतो. तळ अगदी स्वच्छ लागत होता. इतकी वर्षं पडून असलेल्या टाकीत धुळीचा कण नाही, याचं तेव्हा नवलसुद्धा वाटलं नाही.

मग वरच्या गोल उजेडात आईचं तोंड दिसलं.

‘आरं, तिथं काय हुडकतूस? डबा घरात हाय.’

‘घरात?’

‘मग? न धुता टाकी भरू देईन व्हय मी? पयली भरत हुती तवाच उतरले, फडक्यानं पुसली. टँकरवाला लई बोंबलत हुता, थांब म्हनलं.’

मी त्या पाण्यात खालीच बसलो. गळ्यापर्यंत गार पाणी, वर आई, घरात डबा. आयुष्यात एवढं हलकं मला आधीही वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही.

अध्यक्षांनी तिथंच निकाल दिला. त्या टाकीचं पाणी आता भांडी आणि संडासाला, आणि पुढचे सगळे टँकर उतरवून घ्यायला मी स्वतः उभं राहायचं. कुठलीही शिक्षा मी इतक्या आनंदानं ऐकून घेतलेली नाही. ‘बरं, बरं’ म्हणत निथळत खाली गेलो.

डब्यात आईनं तीळ भरले होते. पत्ते धुवट फडक्यात बांधून फळीवर. मोजले तर एक कमी. मेंढपाळच.

‘त्यो व्हय? त्यो देवाऱ्यात हाय.’

खरंच होता. देवांच्या टाकांच्या शेजारी टेकवलेला, कपाळाला हळद, पुढं गुळाचा खडा.

‘आई, तो देव नाही.’

‘असू दे. हातात काठी हाय, मागं मेंढरं हायेत. गोरा हाय, पर आपल्यातलाच दिसतूय.’

डाग पडलेला पत्ता स्पर्धेत चालत नाही, मागून ओळखता येतो म्हणून. मी भीतभीत तो उचलला. पत्त्यावर प्लास्टिकची पारदर्शक पिशवी होती, हळद पिशवीवरच थांबली होती. बदलायला जादा पिशवी घरात होती. परवानगी मात्र नव्हती. ‘देव भाईर न्यायचा?’ आई म्हणाली. बायको मधे पडली. ‘आई, जत्रेला नेत्यात तसं समजा.’ हे तिला पटलं. संध्याकाळी परत आणायच्या बोलीवर मेंढपाळ सुटला.

रविवारी माडीवर उकाडा असा की चाचा प्रत्येकाला मोजून अर्धा पेला पाणी देत होते. माझी मेंढरं चालली. पहिल्या पोराला हरवलं, दुसऱ्याला हरवलं. मग शेवटचा सामना, शहराभोवतीच्या शेतांचे प्लॉट पाडून विकणाऱ्या एका तरुण दलालाशी. तो ड्रॅगन खोक्यांनी विकत घ्यायचा. माझे जुने ड्रॅगनही आता त्याच्याच गड्डीत होते. तीन डाव. पहिल्यात माझ्या कळपानं त्याचा सर्वांत मोठा ड्रॅगन पाडला आणि माडीवर आरोळी उठली. दुसरा डाव त्याचा.

तिसऱ्यात मेंढपाळ सुरुवातीलाच हातात आला. मेंढरं भरपूर होती. तो टाकला असता तर संपलं असतं. पण एवढा महागाचा पत्ता, त्यात कालपासून देवही झालेला, तो लगेच कसा टाकायचा? त्याचा कुणी काटा काढला तर? पुढच्या पाळीला टाकू म्हटलं. पुढच्या पाळीला वाटलं, अजून जरा थांबू. टँकरचं पाणी जपून वापरायची सवय हातालाही लागली होती बहुतेक. असं करता करता दलालाचे दोन ड्रॅगन उठले, माझा कळप गेला, आणि मी मेंढपाळ हातात धरून हरलो.

मी हात उघडून दाखवला. मग दलालच म्हणाला, ‘अंकल, हा टाकला असता तर मी मेलो होतो की!’ पोरं वाकून वाकून माझी मेंढरं बघायला लागली, आणि दोघंतिघं लगबगीनं बुटांच्या खोक्याकडं वळली. मी हरलेला होतो, पण छातीवरचा धोंडा उतरलेला होता. गड्डी खरी निघाली होती. माडी चढायला आता लाज नव्हती.

‘बघितलं ना चाचा?’ मी म्हणालो. ‘गड्डीत काही खोट नाही.’

चाचांनी पत्ते एकेक करून पाहिले, गड्डी नीट ठोकून सारखी केली आणि माझ्या हातात ठेवली.

‘गड्डी एक नंबर है मियाँ,’ ते म्हणाले. ‘बस, खेलनेवाला सस्ता मिला उसकू.’