चाकांच्या बुटांचा चॅम्पियन

आलापल्लीच्या लाकूड डेपोत बदली झाली की माणसाजवळ दोनच गोष्टी साचायच्या, मलेरिया आणि किस्से. मलेरियावर कुनैन मिळायचं. किस्से अजून अंगात आहेत, आणि त्यातले निम्मे आमच्या दौलतचे!

दौलत डेपोत लाकडं मोजायचा, मी नाक्यावर गाड्या तपासायचो. माझी बायकापोरं तिकडं सावली गावाला, त्याचं तर मागं-पुढं कोणीच नाही. म्हणून आमचं जमलं.

*

पहिली निवडणूक नुकतीच झाली होती. जंगलखात्यातला एक गोरा साहेब विलायतेला परत गेला, जाताना सामान वाटून गेला. कोणाला खुर्ची, कोणाला कंदील. दौलतच्या वाट्याला आले चाकांचे बूट!

रेंजर म्हणाले, "बैलगाडीले लाव!" दौलतनं पायाला लावले. पहिल्याच दिवशी समोरचा दात गेला.

जंगलात सपाट जागा कुठली? सिमेंटची फरशी एकाच ठिकाणी, डेपोच्या रिकाम्या गोदामात. दर रविवारी हा तिथं गोल गोल पळायचा, मी दारात टाइमपीस घेऊन बसायचो. अर्ध्या मिनिटात एक फेरा! आणि प्रत्येक वळणावर हा ओरडायचा, "हूऽऽ!"

आमच्याकडे जंगलवाटेची ती रीत. पुढच्यानं वळणावर थांबून हाक द्यायची, मागच्यानं ओ दिली की मगच पुढं पाऊल टाकायचं. वाघाचा मुलूख, मस्करी नाही. पण गोदामात मागं होतं कोण?

"काऊन बोंबलतं बे?" मी विचारलं.

"सवय आहे भाऊ. अन् एकटं पळाले लय कंटाळा येते."

*

चांद्याला कोण्या हौशी वकिलानं चाकांच्या बुटांची शर्यत ठेवली. तीन नावं होती, दोघं आलेच नाहीत. तरी पंचानं शिटी वाजवली, दौलत जीव तोडून पळाला, गळ्यात हार पडला. जिल्ह्याचा चॅम्पियन!

"पहिला आला ना लेका!" मी पाठ थोपटली.

"शेवटचाबी मीच आलो ना भाऊ."

तीन वर्षं तो असाच जिंकला. परतताना हार मांडीवर ठेवून बसमध्ये त्याची फुलं खुडत बसायचा. मला लई वाईट वाटायचं.

*

मग नागपूर. तिथं समोर आणखी तिघं, इस्त्रीच्या कपड्यातले. त्यांना पाहून दौलत लग्नघरातल्यासारखा खुलला. "भाऊ, तिघं आहेत! तिघं!"

शिटी झाली आणि हा सुटला तो सुटलाच. बाकीचे पार मागं. शेवटचं वळण आलं आणि गडी थांबला! मागं वळला, तोंडाशी हात नेला, "हूऽऽ!"

तिघं त्याच्या बाजूनं भुर्रकन निघून गेले. मी कपाळावर हात मारला.

"अबे, थांबला काऊन?"

"मागची माणसं दिसून नाई राह्यली होती ना भाऊ!" चौथा येऊन हसत होता.

*

नागपूरहून येताना त्यानं जुन्या बाजारातून दुसरा जोड आणला. माझ्या मापाचा!

"या वयात हाडं मोडून घेऊ? मले नाई जमत. अन् घड्याळ कोण पाहीन?"

जोड गोदामातल्या खुंटीवर गेला. पुढं वर्षभर दर रविवारी तो विचारायचा, दर रविवारी मी नाही म्हणायचो. खरं सांगू? लोक हसतील याची भीती वाटायची.

*

मग त्याच्या बदलीचा कागद आला. थेट सिरोंचा!

"तिथी सिमेंटची फरशी आहे का रे?"

"गोदावरीची वाळू आहे ना भाऊ!"

शेवटच्या रविवारी मी खुंटीवरचा जोड काढला. दौलत खाली बसला आणि माझे पट्टे आवळून दिले.

तो पुढं सुटला. मी भिंत धरून वीत वीत सरकत होतो. दोनदा आपटलो. दौलत वळणावर पोचला आणि थांबला.

"हूऽऽ!"

"हूऽऽ! येऊन राह्यलो बे, थांब!"

तो थांबला. त्या फेऱ्याला किती वेळ लागला, ते विचारू नका. टाइमपीस मी घरीच ठेवून आलो होतो.