जर्नलातलं गवत

गवतासाठी चालती गाडी सोडून देणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो रोह्याच्या कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवत होता. सर राहायचे पेणला. पावसाळा सरत आला की खिशात रोह्याचं तिकीट असूनही ते अलीकडे निडीला उतरत, कारण स्टेशनामागच्या पाणथळ खाचरात एक दुर्मिळ गवत फुलावर आलेलं असे. पुस्तकात त्याच्या नावापुढे 'असुरक्षित' असा शेरा होता. गावात त्याला वेगळं नावही नव्हतं. सर चिखलाच्या बुटांनी वर्गात येत आणि हजेरीआधी गवताची खुशाली सांगत. त्यांच्या लेखी गवताला दोनच शत्रू, भरावाचा मुरूम आणि म्हशी. एका डंपरवाल्याला थांबवून त्यांनी गवताच्या कुळाची इतकी माहिती दिली की तो म्हणाला, "सर, मला परीक्षेला बसायचं नाय."

प्रत्येक विद्यार्थ्याने दर वर्षी जर्नलात ते गवत लावायचं, हाही सरांचाच नियम. मूळ, पान, कणीस, सगळं शाबूत हवं. मी शेवटच्या वर्षाला असताना आम्ही खाचरात उतरलो, तर जेमतेम चार ठोंब उरलेले. बांधावर एक म्हातारी म्हशी राखत होती. सर तिच्यावर उखडले, "मावशी, तुमच्या म्हशींनी गवत संपवलं."

ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, म्हस शेंडं खाते. ते परत येतात. तुमची पोरं दरवर्षी मुळासकट नेतात. मी बघते ना हितून."

सर ओल्या बांधावर तसेच खाली बसले. मला माझ्या हातांकडे बघवेना. आदल्या वर्षी मी स्वतःसाठी एक आणि आजारी मित्रासाठी एक उपटलं होतं, आणि चांगले मार्क पडले म्हणून खूश होतो. माझ्यासारख्या, घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या पोराला ज्यांनी बोट धरून शिकवलं, ते सर उरलेले चार ठोंब बोटाने पुन्हा पुन्हा मोजत होते. मग म्हणाले, "पोरांनो, चला. हात लावू नका."

मग सर जुन्या विद्यार्थ्यांची घरं फिरू लागले. आमच्याकडेही आले. आईने माझं जर्नल पातळात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं होतं. सरांनी गवत लावलेलं पान हलक्या हाताने तळहातावर झटकलं. चार-पाच दाणे पडले, त्यांची त्यांनी पुडी बांधली.

"सर, रुजतील?" मी विचारलं.

"माहीत नाही. आजवर मी फक्त वाळवायलाच शिकवलं."

आई म्हणाली, "गुरुजी, आख्खी वही न्या. त्याचं शिकून झालं आता."

पुढच्या पावसात सरांनी मला निडीला बोलावलं. खाचरात ठोंबांच्या बाजूला, सरांनी पुड्यांतले दाणे टाकले होते तिथे, हिरवी पाती वर आली होती. ती आपलीच, की वाहून आलेल्या भाताची, ते कोवळेपणी ओळखणं कठीण. एखादं उपटून मूळ पाहिलं असतं तर सरांनी क्षणात सांगितलं असतं. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून उभे राहिले.