कडूबाईंसाठी जाहिरात

गुलमंडीत माझं भांड्यांचं दुकान आहे आणि माझ्या शेजारी मधुसूदनरावांचं साड्यांचं. दुपारी हा माणूस गादीवर बसून उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघायचा. दारात टांगलेल्या साड्यांतून ऊन आत यायचं, जांभळं, पिवळं होऊन गादीवर पडायचं, आणि त्या उजेडात त्यांना गिऱ्हाइकांची गर्दी दिसायची. मी पायरीवरून हाक मारली की म्हणायचे, "अहो, हळू. बायका साड्या बघतायत." दुकानात चिटपाखरू नसायचं. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा वाईट होता. खेड्यांत टँकर, लग्नं पुढे ढकललेली, आणि शहर मात्र बीड बायपासच्या पलीकडे पसरत चाललेलं. नव्या वस्तीतल्या सुना मॉलमध्ये जात. लग्नसराईत धंदा सावरला नाही तर गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने द्यायचा, असं मधुसूदनरावांनी घरी कबूल केलं होतं. तो माणूस येऊन भिंती मोजूनही गेला. शेवटचा उपाय म्हणून फोनवर जाहिरात करायची ठरली.

आधी जालना रोडवरच्या एका एजन्सीचा तरुण आला. त्याने लॅपटॉपवर धबधब्यापुढे साडी नेसून उभी असलेली मुलगी दाखवली आणि लाखो लोकांपर्यंत पोहोचवतो म्हणाला. मधुसूदनराव त्या पाण्याकडेच बघत राहिले. मग रूपाली आली, घरून एकटीच काम करणारी. आल्या आल्या गादीवर बसली आणि तिने विचारलं, "काका, डोळे मिटले की गिऱ्हाईक म्हणून कोण दिसतं तुम्हाला?"

"कडूबाई," ते लगेच म्हणाले.

कडूबाई वेरूळकडच्या. दर वर्षी यायच्या, खांबाला टेकून बसायच्या, तांब्याभर पाणी प्यायच्या, दुकानातल्या सगळ्या साड्यांच्या घड्या मोडायला लावायच्या आणि शेवटी आमसुली इरकलच घ्यायच्या. दोन वर्षं त्या फिरकल्या नव्हत्या. मधुसूदनराव सांगत होते आणि रूपाली मान हलवत ऐकत होती. काम तिलाच मिळालं.

जाहिरात काय, तर मधुसूदनराव साडी उलगडतात आणि म्हणतात, "कडूबाई, तुमची आमसुली इरकल आलीय. या." एवढंच. मी कपाळावर हात मारला. पैसे मोजून एका बाईला बोलवायचं, ते पोस्टकार्डानेही झालं असतं.

रूपालीने ती जाहिरात वेरूळ, खुलताबादकडच्या फोनांवर दाखवली. कोणी आलं नाही. मग तिच्याच लक्षात आलं की तिकडची कितीतरी माणसं पाण्यापायी वाळूजच्या कंपन्यांजवळ राहायला आलीत. तिचा मामाही त्यातलाच. तिने जाहिरात वाळूजकडे वळवली.

आणि एका दुपारी कडूबाई आल्या. सोबत सून आणि शेजारच्या खोल्यांतल्या बायका.

"सुनेच्या फोनात माझं नाव घेतलं तुम्ही, भाऊ, म्हणून आले," त्या पायरीवरूनच म्हणाल्या. "पण घ्यायचं काय नाय."

"दोन वर्षं होता कुठं तुम्ही?"

"इथंच की, वाळूजला. रिकाम्या हातानं दुकानात कसं यावं?"

मधुसूदनरावांनी तांब्या पुढे केला आणि घड्या मोडायला घेतल्या. एकामागून एक साडी गादीवर पसरत गेली. कडूबाई खांबाला टेकून काठ चिमटीत धरून बघत होत्या, बायका मागे दाटीने बसल्या होत्या. एकीच्या घरी लग्न होतं. तिने बस्ता इथंच बांधायचं ठरवलं. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी माझ्या दुकानात जाऊन उगाच भांडी पुसत बसलो.

संध्याकाळी मधुसूदनरावांनी रूपालीला फोन लावला. "जाहिरातीत एक वाक्य घाल," ते म्हणाले. "घ्यायचं नसलं तरी या."

असल्या वाक्यावर कुठे दुकान चालतं का, असं मी तेव्हा म्हणालो होतो. त्या गाळ्यात आजही साड्याच आहेत. हल्ली पायरीवरून हाक मारण्याआधी मी आत डोकावून बघतो. बायका खरंच साड्या बघत असतात.