एकाने जास्त

पाटीवर उत्तर बरोबर आलं, की आमच्या मॅडम ते तळहाताने पुसून टाकायच्या आणि म्हणायच्या, "आता दुसऱ्या रस्त्यानं ये."

पोरं चिडायची. एवढ्या मेहनतीने आणलेलं उत्तर, आणि शाबासकी तर राहिलीच, पाटीही कोरी. तरी पुन्हा बसायची. दुसरीतला एक पोरगा एकदा उशिरा आला. मॅडमनी विचारलं, "काऊन रे उशीर?" तो म्हणाला, "दुसऱ्या रस्त्यानं आलो, मॅडम." सगळ्यांच्या आधी त्याच हसल्या.

मी या शाळेत खिचडी शिजवते. अमडापूरजवळच्या आमच्या गावात दोन खोल्यांची शाळा आहे, चौथीपर्यंतची. मीही तेवढीच शिकले. स्वयंपाकाची खोली वर्गाला लागून आहे आणि मधल्या भिंतीत एक झरोका आहे. त्यामुळे मॅडम मी पाहिल्या कमी, ऐकल्या जास्त. समोर आल्या की माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

त्या चिखलीहून स्कूटीवर यायच्या. वर्गात पुस्तकातल्यासारखं बोलायच्या, राग आला की आमच्यासारखं. पोरांना तेवढ्यावरून अंदाज यायचा.

दुसरी आणि चौथी मॅडमकडे एकाच खोलीत बसायची. माझी काजल दुसरीत, रोशन चौथीत. चौथीला शिकवलेलं काजलच्या कानावर पडायचं आणि तिथेच राहायचं. एके दिवशी चौथीतलं कोणीच उत्तर देईना, तेव्हा मॅडम दुसरीकडे वळल्या. "काजल, तू सांग." तिने सांगितलं. मग ते रोजचंच झालं. चौथी गप्प बसली की मॅडम काजलला विचारायच्या. शाळा सुटल्यावर तिला थांबवून वेगळी गणितंही घालू लागल्या. "हिचं डोकं धावतं. त्याला मोकळी जागा पाहिजे," असं त्या एकदा मला म्हणाल्या. मी नुसती भांडी विसळत राहिले, पण दिवसभर ते वाक्य मनात घोळवलं.

ही गोष्ट गावात पसरली. काजलचे बाबा गवंडी आहेत. कामावरून येताना चहाच्या हॉटेलवर तिला बाकावर उभी करायचे आणि लोकांना म्हणायचे, "इचारा इले काईबी." लोक विचारायचे, ती सांगायची, बाबांची छाती फुगायची. आणि तीच छाती घेऊन घरी आले की रोशन समोर दिसायचा.

"तुह्यापेक्षा दोन वर्सांनी लहान हाय थे. लाज वाटत नाई बे?"

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. रोशनच्या गालावर बोटं उमटायची. काजल भिंतीला टेकून पाहायची. मी मध्ये पडले तर मलाही ऐकावं लागायचं, आणि रोशनला दुप्पट मिळायचं.

दिवाळीनंतर काजलची उत्तरं चुकू लागली.

आधी वाटलं, थंडीतापाचं असेल. सासूबाईंनी दृष्ट काढली. हॉटेलवर लोक म्हणाले, "मिस्तरी, पोरगी उतरली तुमची." बाबा तिला तिथे न्यायचे बंद झाले, पण रोशनचा मार काही कमी झाला नाही. आता दोघांवरचा राग त्याच्यावर निघायचा.

एका दुपारी मॅडम काजलचं बोट धरून थेट माझ्या चुलीपाशी आल्या. म्हणाल्या, "तुम्ही ऐका फक्त." आणि तिला विचारू लागल्या.

"सदतीस आणि अठ्ठेचाळीस?"

"शहाऐंशी."

"एकशे चोवीसचे निम्मे?"

"त्रेसष्ट."

"बारा पंचे?"

"एकसष्ट."

मॅडमनी तिला खेळायला पाठवलं आणि माझ्याकडे वळल्या. "चुकणारं लेकरू असं चुकत नाही. ते कधी पाचाने चुकेल, कधी विसाने. ही दर वेळी एकानेच चुकते. हिला आधी खरं उत्तर येतं, मग ही त्यात एक मिळवते." त्यांचा आवाज खाली आला. "घरी काय होते हो? खरं सांगा मले."

मी सांगितलं. आयुष्यात परक्या माणसापुढे मी एवढं कधी बोलले नव्हते. ऐकता ऐकता मॅडम चुलीजवळच्या पोत्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "सुरुवात माझ्याकडून झाली. चौथीचा प्रश्न मी दुसरीला विचारत गेले. तो पोरगा रोज सगळ्यांदेखत खाली मान घालत होता, आणि मी हिच्याकडेच पाहत होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रोशनला पटांगणात बोलावलं. झरोक्यातून ऐकू आलं नाही, पण मॅडम त्याच्यासमोर उकिडव्या बसलेल्या दारातून दिसल्या. रोशनने नंतर सांगितलं, "आई, मॅडम मले सॉरी म्हनल्या." त्याला ते खरंच वाटत नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. काजलचे बाबा हातपाय धूत होते. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली. मॅडम बसल्या नाहीत.

"मिस्तरी, पोराले मारनं बंद करा."

बाबा हसले. "मॅडम, पोरगं माहं हाय. सुदरावं म्हनून मारतो."

"मारा मंग. पन उद्यापासून शाळा सुटल्यावर काजलले मी थांबवनार नाई. जादाचं शिकवनं बंद."

पोरीला मिळालेली ती एकच मोकळी जागा, आणि मॅडमनी तीच पणाला लावली होती. बाबा म्हणतील, नका बंद करू. म्हणतीलच, असं मला वाटलं.

बाबांनी पंच्याने तोंड पुसलं. "बंद त बंद. काई येत नाई तिले आता."

मॅडम गेल्या. स्कूटीला किक दोनदा मारावी लागली.

आणि त्यांनी शब्द पाळला. शाळा सुटली की त्या निघायच्या. काजल माझ्याजवळ येऊन बसायची, चुलीतल्या राखेवर बोटाने काहीतरी लिहायची आणि मी पाहायच्या आत पुसायची. मॅडम तिच्याकडे न बघता जायच्या. मला त्यांचा राग यायचा. पोरीला शिक्षा आणि बापाशी भांडण, हा कुठला न्याय? पण एकदा त्या फाटकापर्यंत जाऊन थांबलेल्या मी पाहिल्या. पाठमोऱ्याच उभ्या होत्या, रुमाल बांधायला फार वेळ लावत होत्या.

घरी रोशन मला म्हणाला, "माह्यामुळं बंद झालं ना तिचं?" मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

मग ती संध्याकाळ आली. बाबांनी रोशनकडे भिंतीची सरळी बघायचा ओळंबा मागितला, त्याच्या हातून दोरा गुंतला. बाबांचा हात वर गेला. तेवढ्यात काजल कोपऱ्यातून ओरडली, "मलेबी काई येत नाई आता, बाबा! मी मुद्दाम चुकतो! त्याले मारू नका!"

हात वरच राहिला. बाबा तिच्याकडे पाहत होते, मग माझ्याकडे पाहिलं. मुद्दाम म्हणजे काय, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते खाली बसले आणि गुंतलेला दोरा स्वतःच सोडवू लागले. त्या रात्री ते जेवलेही नाहीत.

सकाळी कामाची पिशवी खांद्याला लावून ते शाळेच्या फाटकाशी उभे होते. मॅडमची स्कूटी आली.

"मॅडम, शिकवा पोरीले."

"तिचं मागून पाहू. पोराचं बोला."

"नाई मारनार."

"आत या मंग. चहा घ्या," मॅडम म्हणाल्या आणि मला हाक मारली. माझा चहा फार गोड झाला. दोघांनीही तो मुकाट्याने प्याला.

बाबांनी शब्द पाळला, तुम्हाला सांगते. एकदोनदा दात आवळून घराबाहेर निघून गेले, पण हात उचलला नाही. मॅडम पुन्हा काजलला थांबवू लागल्या. चौथीचा प्रश्न त्यांनी दुसरीला पुन्हा कधी विचारला नाही. तरी काजल एकाने चुकतच राहिली. तिला अजून भरवसा नव्हता. मॅडम घाई करत नव्हत्या. पण वर्ष घाईत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बदलीचे आदेश आले. मॅडमना दुसरबीडकडची शाळा मिळाली. शेवटच्या दिवशी पोरांनी रडारड केली. मॅडम स्कूटीवर बसल्यावर त्यांनी काजलला जवळ घेतलं आणि कानाशी वाकून विचारलं, "छत्तीस आणि पंचवीस?"

काजलने रोशनकडे पाहिलं. "बासष्ट."

"बरं," मॅडम म्हणाल्या. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. चुकलेलं उत्तर सोबत घेऊन गेल्या.

शाळा उघडल्यावर रोशन पाचवीला अमडापूरला जाऊ लागला. परवा संध्याकाळी तो गणित घेऊन बसला होता. तीनशे पंच्याहत्तर रोपं, एका ओळीत पंधरा, तर ओळी किती? खोडून खोडून कागद फाटायला आला. बाबा दाराशी थापी घासत होते. घरात तेवढाच आवाज होता.

"काजल," रोशन म्हणाला, "हे कसं करतात ओ? मले सांग ना."

काजलने आधी बाबांकडे पाहिलं. थापी थांबली. बाबा उठले, थापी घेऊन अंगणात गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

"पंचवीस," काजल म्हणाली.

रोशनने ताडून पाहिलं. "बरोबर हाय बे!" तो म्हणाला आणि तिच्याकडे सरकला. "आता कसं आलं थे सांग." ती सांगू लागली.

आज दुपारच्या सुट्टीत मी मॅडमना फोन लावला. माझ्याकडून पहिल्यांदाच. "कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं, आणि मी नाव सांगायचंच विसरले. एकदम म्हणाले, "मॅडम, तिनं पंचवीस सांगितलं. पंचवीसच होतं."

मग त्यांनी विचारलं, "कोनासमोर सांगितलं?"

"रोशननंच इचारलं. त्याच्यासमोर."

फोन कानाला तसाच होता. तिकडच्या पोरांचा गलबला स्पष्ट ऐकू येत होता, पण मॅडम बोलत नव्हत्या. पातेल्यातली खिचडी खाली लागल्याचा वास आला, तरी मी फोन ठेवला नाही.