जहागीरदार वकिलांची कार

"मॅडम, त्ये घंटाभर बोलून राह्यले. तुम्ही कव्हा उठता?" दगडूभाऊंनी मागून माझा काळा कोट ओढला.

"गप बसा," मी म्हटलं.

घनसावंगीच्या तहसीलमध्ये रस्त्याची केस होती. दगडूभाऊ माझे पक्षकार. त्यांचा ऊस कुंभार पिंपळगावच्या शिवारात, तोडणीची टोळी दारात. पण शेजारच्या उत्तमरावांनी स्वतःच्या आखाड्यापुढची, म्हणजे शेतातल्या घरापुढची, गाडीवाट चारी खोदून बंद केली, वर नांगर फिरवला. टोळी दुसरीकडं गेली की ऊस उभा वाळणार. अडवलेली वाट तहसीलदार खुली करून देऊ शकतात. पण तिथून पूर्वी ये-जा होती हे दाखवावं लागतं. त्याला आम्ही वहिवाट म्हणतो. पंचनाम्यात सापडली ती नुसती ढेकळं. मला खरंच धास्ती होती.

समोर उत्तमरावांचे जहागीरदार वकील. माणूस गोड, आवाज खणखणीत, पण ब्रेक नाही. "तिथं वाट कधी नव्हतीच," एवढं बोलून ते बसले असते तर आमचं काही खरं नव्हतं. पण ते बसतात कशाला! उत्तमरावांच्या दिलदारपणावर घसरले.

"साहेब, हा माणूस कुणाची वाट अडवील? उन्हाळ्यात लेकीचं लग्न आखाड्यावर केलं. अख्खं गाव जेवलं! मंडप पार ह्या दगडूच्या बांधाला टेकलेला. डीजेची गाडी, आचाऱ्याचा टेम्पो... माझी कार तर थेट बांधापर्यंत गेली!"

तहसीलदारांचा पेन थांबला. "कार गेली कुठून?"

जहागीरदार आता मात्र बसले. उत्तमरावांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, आता तरी!" पुन्हा कोट.

हातात आलेली केस बोलून घालवणारे वकील मी पुष्कळ पाहिलेत. मी उठले. "साहेब, वकीलसाहेबांची कार गेली त्या वाटेनं आमचा ऊस जाऊ द्यावा." आणि बसले.

आदेश झाला. चारी बुजली. टोळी हलायच्या आत ऊस कारखान्याला गेला.

दगडूभाऊ मात्र बाहेर येऊन हिरमुसलेले. "एकच वाक्य, मॅडम? तुमचं भाषण ऐकायला गावातून माणसं आणल्ते मी! वकील असावा तर त्यांच्यावाणी."

"मग पुढच्या वेळी त्यांनाच करा की."

दगडूभाऊंनी जरा विचार केला.

"न्हाई, न्हाई. त्यांना समोरच्यानंच करावं."